पाठीवरची रेघ

होसियतच्या घरात रेशमाचे किडे आले की माणसं बाहेर पडायची. हा नियम तिच्या सासूच्या सासूपासूनचा. एकुलत्या मोठ्या खोलीतले गालिचे, गाद्या, पेट्या, लेकाच्या लग्नातला आरसासुद्धा उचलून ओसरीत ठेवायचा आणि खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत मचाणं बांधायची. महिनाभर माणसांनी ओसरीत झोपायचं, चूल अंगणात मांडायची, आणि किड्यांच्या खोलीजवळ आवाज चढवायचा नाही. हा शेवटचा नियम होसियत सोडून सगळे पाळत.

किड्यांची चौथी, कात टाकायची शेवटची झोप उतरून पाच दिवस झाले होते. हे दिवस जिवावरचे. करंगळीएवढे पांढरे किडे रात्रंदिवस खातात, आणि हजारो तोंडांचा मिळून एक आवाज होतो, वाळक्या पाचोळ्यातून मेंढरांचा कळप जावा तसा. होसियतला तो आवाज ऐकल्याशिवाय सकाळचा चहा गोड लागत नसे. उन्हं वर आली तेव्हा ती तुतीच्या पानांची टोपली कमरेवर घेऊन आत गेली आणि उंबऱ्यातच थांबली. आवाज होता, पण लंगडत होता. दाराकडून येत होता, भिंतीकडून येत होता, खिडकीकडून येत नव्हता.

खिडकीजवळचं मचाण मागे राहिलेल्या किड्यांचं होतं. चौथ्या झोपेतून दोन दिवस उशिरा उठलेले, अंगानं बारीक, असे किडे तिनं वेचून वेगळे ठेवले होते. बाकीच्यांना तुतीच्या अख्ख्या फांद्या टाकल्या की काम भागतं. यांना मात्र शेंड्याची कोवळी पानं खुडून, एकेक पान बोटांनी पुसून, होसियत स्वतः वाढायची. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. "माझी सासू असले किडे कोंबड्यांना घालायची," ती साऱ्या गल्लीला ऐकवायची, "मी यांचेच कोष सगळ्यांत जड करून दाखवते." आणि खरंच दाखवायची, म्हणून तर गल्ली तिच्यावर जळायची.

आज त्या मचाणावरचे किडे माना वर ताणून ताठ उभे होते. छात्या फुगलेल्या. पानांना कुणी तोंड लावलेलं नव्हतं. काहींच्या तोंडातून तपकिरी पाणी सांडून पानांवर त्याचे डाग पडले होते. एक किडा मागच्या मागे वाकून धनुष्यासारखा झाला होता.

"केलिन!"

सुनेला ती नावानं कधीच हाक मारत नसे. केलिन म्हणजे सून, आणि तीन वर्षांत एवढ्या एका शब्दात होसियतनं जितक्या शिव्या भरल्या होत्या तितक्या दुसऱ्या बाईला शंभर शब्दांत भरता आल्या नसत्या.

मुअत्तर अंगणात फांद्या छाटत होती. कोयता हातातच धरून ती धावत आली. बारीक अंगाची, शांत, कोकंद शहरातली पोर. लग्नाआधी फरगाण्याच्या कॉलेजात दोन वर्षं किडेमुंग्या आणि बेडकांची पोटं बघून आलेली. होसियतचा लेक एर्गाश रशियात बांधकामावर होता, तेव्हा घरात या दोघीच. एक बोलणारी, एक ऐकणारी.

"बघ! बघ काय करून ठेवलंस!"

"मी काय केलं, ओयी?" मुअत्तर सासूला ओयी म्हणायची, आई.

"परवा गल्लीच्या टोकाच्या म्हातारीच्या मयताला कोण गेलं होतं? मी गेले होते? मयताच्या घरून आलीस आणि तशीच किड्यांत शिरलीस!"

"तशीच नाही. दारात इसिरिकच्या वाळक्या पाल्याची धुरी घेतली. तुमच्यासमोर घेतली."

"कपडे?"

"बदलले."

"केस? केस धुतलेस?"

मुअत्तरचा हात वेणीकडे गेला. तेवढ्यात भिंतीवरून एक डोकं वर आलं. ते तुर्सुनोयचं, होसियतच्या धाकट्या जावेचं. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला तिनं एक जुनी पेटी लावून ठेवली होती, आणि इकडे भांडण झालं की तिकडे ती पेटीवर.

"ओपा, काय झालं हो? किडे गेले की काय?" तुर्सुनोय मोठ्या जावेला ओपा म्हणायची, ताई. आवाजात काळजी होती आणि डोळ्यांत सणाचा दिवस.

"ही मयताचे केस घेऊन किड्यांत फिरली!"

"अगंबाई! न धुता?"

"केसांनी किडे मरत नाहीत," मुअत्तर म्हणाली.

झालं. असं उत्तर या घराच्या भिंतींनी ऐकलं नव्हतं. होसियतच्या उजव्या गालात चारपाच दिवस एक दाढ ठणकत होती, त्या ठणक्यानं आणि या उत्तरानं मिळून तिचं डोकं पेटलं. ती तरातरा अंगणात गेली. जेवायला बसायच्या रुंद चौरंगावर सकाळचं दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अजून पसरलेलं होतं. त्यावरचं अख्खं नान तिनं दोन्ही हातांत उचललं आणि कपाळाला लावलं.

"या नानाची शपथ! हे किडे मेले तर ही पोरगी या घरातलं नान पुन्हा मोडणार नाही. संध्याकाळच्या बसनं कोकंद. एर्गाशला मी सांगीन, दुसरी आणीन!"

नानाची शपथ कुणी उठल्यासुटल्या घेत नाही. घेतली की ती पाळायची, नाहीतर गल्लीत तोंड दाखवायचं नाही. तुर्सुनोयसुद्धा पेटीवर दचकली.

मुअत्तरचा चेहरा पांढरा पडला. पण ती रडली नाही. कोयता भिंतीला टेकवून, हौदावर हात कोपरापर्यंत धुऊन, ती परत किड्यांच्या खोलीत गेली.

"बाहेर हो!" होसियत तिच्या मागे धावली.

"संध्याकाळपर्यंत मी या घरची सून आहे," मुअत्तर म्हणाली. "तोवर बघू द्या."

तिनं खिडकीच्या मचाणावरचा एक किडा उचलून तळहातावर घेतला आणि उजेडात धरला. रेशमाच्या किड्याची कातडी पातळ असते. नीट धरलं तर पाठीवर, शेपटीपासून मानेपर्यंत, आतली एक काळसर रेघ दिसते, आणि ती रेघ चालते. भरते, रिकामी होते, भरते. होसियतला हे शिकवायला कॉलेज लागलं नव्हतं. तिच्या सासूनं नव्या नवरीला पहिल्याच वसंतात दाखवलं होतं की रेघ सावकाश चालली तर किडा झोपेत, बरी चालली तर जागा, आणि थांबली तर उचलून बाहेर टाक. तिच्या लेखी ती घशाखाली उतरणाऱ्या पानाची वाट होती.

"ही रेघ बघा, ओयी."

"तू मला रेघ दाखवतेस? तुझ्या आईचं लग्न झालं नव्हतं तेव्हापासून मी ती रेघ बघतेय!"

"मग सांगा, आज कशी चालतेय?"

होसियतनं बघितलं. बघायचं नव्हतं, पण पाठीवरची रेघ समोर आली की तिची नजर आपोआप तिथं जायची. रेघ धावत होती. तीनचार वेळा धाडधाड भरायची, मग अडखळायची, मग पुन्हा धाडधाड. शेजारच्या मचाणावरच्या किड्याची रेघ मात्र नेहमीसारखी, एका लयीत.

"घाईघाईनं गिळतोय," होसियत म्हणाली.

"त्यानं रात्रीपासून पान तोंडात घेतलेलं नाही. काय गिळेल? आणि रेघ जाते कुठून कुठे, बघा ना. शेपटीकडून डोक्याकडे. पान खाल्लं तर ते डोक्याकडून शेपटीकडे जाईल की नाही?"

होसियतनं पुन्हा बघितलं. शेपटीकडून डोक्याकडे. इतकी वर्षं ती रेघ बघत आली होती, आणि कुठून निघते आणि कुठे जाते हे तिनं कधी बघितलं नव्हतं. कुणी कानाखाली वाजवावी तसं तिला वाटलं, आणि तेही कुणी, तर या काडीच्या पोरीनं.

"मग काय आहे ते?"

"काळीज आहे त्याचं."

"पाठीवर काळीज! मग पित्त काय शेपटीला लटकवलंय?"

"एकच लांब नळी आहे, ओयी. शेपटीकडून रक्त ओढते आणि डोक्याशी नेऊन सोडते. त्याचं रक्त लाल नसतं, पिवळट पाण्यासारखं. आणि पुढे नळ्याच नाहीत. आपल्या अंगात रक्त पाटातून जातं, या पाटातून त्या पाटात. त्याच्या अंगात तसं नाही. शेतात पाणी सोडल्यावर सगळं शेत भरतं ना, तसं. आतडी, रेशमाच्या पिशव्या, सगळं त्या पाण्यात बुडालेलं. तेच पाणी हिंडत हिंडत परत शेपटीकडे जातं आणि नळी ते पुन्हा उचलते."

"बरं, बुडालेलं! त्यानं माझे किडे मरतायत का?"

"तेच सांगतेय. रोग असता तर ही रेघ मंद झाली असती. रोगी किडा पिवळा पडतो, मऊ पडतो, हळूहळू जातो. यांचं काळीज पळतंय. हे विष आहे. तोंडाशी टिपूसभर लागलं तरी एका जागी राहत नाही, पाण्याबरोबर सगळ्या शेतात पसरतं. कॉलेजात आम्ही करून बघितलं होतं. पानाला तंबाखूचं पाणी लावलं होतं. अस्संच झालं होतं. मान वर, छाती फुगलेली, तोंडातून पाणी, आणि रेघ अशी धावलेली."

होसियतचा हात तिच्या नकळत ओढणीच्या पदराखाली गेला.

"कुणी तंबाखूवाला आलाय का इथे?" मुअत्तर स्वतःशीच बोलत होती. तिनं दारापासून भिंतीपर्यंत नजर फिरवली. "बाकी एकही मचाण बिघडलेलं नाही. सगळीकडे त्याच तुतीचा पाला. माझे केस मचाणं निवडून तर जाणार नाहीत. या मचाणाला वेगळं काय आहे? फक्त..."

आणि ती थांबली. तिनं सासूच्या हाताकडे बघितलं. मग मचाणाकडे. मग पुन्हा हाताकडे.

होसियतच्या कुर्त्याच्या आतल्या खिशात तिच्या मेलेल्या नवऱ्याची नोसची डबी होती. नोस म्हणजे तंबाखू, राख आणि चुन्याची हिरवी भुकटी. इथले पुरुष ती जिभेखाली धरतात आणि दिवसभर हिरवं थुंकतात. नवरा जिवंत असताना होसियतनं त्या भोपळ्याच्या चिमुकल्या डबीवरून त्याचा जो छळ केला त्याला तोड नव्हती. थुंकायला फाटकाबाहेर जा. जेवायच्या आधी तोंड धू. धुतलंस तरी लांब बस. तुर्सुनोयच्या लेकीचं, सालोमतचं, ठरलेलं लग्न तिनं मोडलं होतं, कारण मुलाच्या ओठाखाली हिरवं दिसलं. आणि तीच होसियत पाच दिवस, दाढ ठणकली की गुपचूप खोलीमागे जायची, दोन बोटांनी चिमूट घ्यायची आणि दाढेवर दाबायची. दाढ काढणाऱ्याकडे ती जाणार नव्हती. कालच्या पोरासमोर तोंड वासून बसायचं, हे तिच्या बापजन्मात नव्हतं. चिमटीनं दाढ गप्प व्हायची; कालपासून चिमूट वाढवावी लागली होती. मग ती ओढणीला बोटं पुसायची आणि त्याच बोटांनी शेंड्याची कोवळी पानं एकेक करून पुसायची.

तिला सगळं एका दमात कळलं. आणि जे कळलं त्याचा पहिला परिणाम असा झाला की ती आणखी भडकली.

"माझ्याकडे काय बघतेस? या घरात तंबाखू कोण खातो? कुणी नाही!"

"मी काही म्हटलं नाही," मुअत्तर म्हणाली. तिच्या आवाजात आता भीती नव्हती. त्याहून वाईट काहीतरी होतं. "विष फार जुनं नसेल तर हे वाचतील. मोकळी हवा पाहिजे, आणि नवी पानं. मचाणावरचे ट्रे बाहेर काढते, जर्दाळूच्या सावलीत."

होसियत ट्रेचं दुसरं टोक धरायला पुढे झाली.

"तुम्ही हात लावू नका, ओयी."

ती सगळं माहीत असल्यासारखं बोलली. भिंतीवरच्या तुर्सुनोयला त्यात काही कळलं नाही, पण होसियतला शब्दन् शब्द कळला. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या किड्यांना, स्वतःच्या सुनेनं हात लावू दिला नाही, आणि तिच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. त्या गप्प राहण्याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला.

मुअत्तरनं एकटीनं सहा ट्रे बाहेर नेले. जुनी पानं काढून कुंपणापलीकडे टाकली. झाडावर चढून शेंड्याची पानं आणली, पाण्यात खळबळून फडक्यानं कोरडी केली आणि घातली. होसियत चौरंगाच्या कडेवर बसून बघत होती आणि दर पाच मिनिटांनी काहीतरी ओरडत होती. ऊन येतंय, ट्रे सरकव. मुंग्या लागतील, पायांखाली पाणी ठेव. मुअत्तर जे बरोबर होतं ते करत होती आणि उत्तर देत नव्हती.

दुपारी मोटरसायकलचा आवाज आला. रेशीमघराचा नोरमत, दर दोन दिवसांनी किडे बघायला घरोघर फिरणारा. पोट सुटलेला, स्वभावानं गरीब. त्याचा खालचा ओठ फुगलेला, कारण ओठामागे नोसची चिमूट. गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तुर्सुनोयच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "ओपा! नोरमत! हाच तो! मघाशी तुमची सून तंबाखू-तंबाखू म्हणत होती ना? हा परवा आला होता! याचंच तोंड बघा!"

नोरमतनं गाडी लावायच्या आतच त्याच्यावर दोन बायका धावून आल्या होत्या, एक भिंतीवरून आणि एक चौरंगावरून. कारण होसियतला सुटकेचा दोर दिसला होता आणि ती तो सोडणार नव्हती.

"काय रे, हिरव्या तोंडाच्या! माझ्या किड्यांना विष घातलंस?"

"मी? होसियत-ओपा, देवाशपथ..."

"नोस खाऊन किड्यांच्या घरात येतोस! तुला लाज नाही? तुझ्या साहेबाला फोन करते! आत्ता! तुला रेशीमघरातून काढून मेंढरांमागे पाठवलं नाही तर नावाची होसियत नाही!"

नोरमतचा चेहरा उतरला. "ओपा, परवा तुम्ही मला आत घेतलं तरी कुठे? उंबऱ्याबाहेर धुरात उभं केलंत. मी खोकत खोकत लांबूनच बघितलं आणि कागदावर लिहिलं. मी काहीएक शिवलो नाही."

"खोटारड्या!"

"शिवला असेल ओपा, नजर चुकवून शिवला असेल!" तुर्सुनोयनं भर घातली. "त्या लोकांचा हात कुठे कुठे जातो!"

होसियतला आता फक्त एकदा मान हलवायची होती. नोरमतवर गेलं की संपलं. तिची बोटं सुटली, सूनही सुटली, शपथही नोरमतच्या अंगावर. सगळे सुटले, एक नोरमत सोडून. आणि नोरमत कोण तिचा?

"नोरमत-अका आत आले नाहीत," मुअत्तर म्हणाली.

ती त्याला अका म्हणायची, दादा. ती ट्रेजवळून उठून उभी राहिली होती. "मी होते. ते उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथूनच गेले. खिडकीचं मचाण तर त्यांना दिसलंही नसेल."

"मग कोण गं?" तुर्सुनोय म्हणाली. "मग तुझे केसच की!"

मुअत्तरनं सासूकडे बघितलं. वाट बघितली. होसियत गाल दाबून धरून उभी. दाढ अशी ठणकत होती की डोळ्यांत पाणी येत होतं, आणि ते दाढेचंच आहे असं ती स्वतःला सांगत होती.

मुअत्तर ओसरीत गेली. गाद्यांच्या ढिगामागून तिनं आपली रजई काढली, अंथरली आणि तिच्यावर कपडे ठेवायला लागली. दोन कुर्ते. लोकरी मोजे. आईनं दिलेला चहाचा वाडगा, मोज्यांत गुंडाळून.

"काय चाललंय?" होसियत ओरडली.

"संध्याकाळची बस."

"किडे मेले कुठे अजून?"

तेवढ्यात तुर्सुनोय खरोखरच किंचाळली. पेटीवरून तिला ट्रे सगळ्यांत चांगले दिसत होते. "खातायत! ओपा, खायला लागले! बघा तो कडेचा! मान खाली घातली! ओपा, शपथ सुटली तुमची!"

सगळे ट्रेकडे गेले. खरंच. सगळे नाही, पण अर्ध्याहून जास्त किड्यांनी माना खाली घातल्या होत्या. पानांच्या कडेला नख लावल्यासारख्या खाचा पडत होत्या. पाचसहा किडे मात्र काळे पडून पसरले होते, ते गेलेच. नोरमतनं एक किडा उजेडात धरला. "रेघ बरी चाललीय," तो म्हणाला. "वाचले, ओपा."

"बांधाबांध सोड," होसियत ओसरीकडे ओरडली. "किडे वाचले. राहा."

मुअत्तरनं रजईची दोन टोकं ओढून गाठ मारली. मग ती वळली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज अंगणाच्या त्या टोकापर्यंत गेला.

"किडे वाचले म्हणून मी राहू? आणि पुढच्या वसंतात मेले तर? मी काय किड्यांच्या भरवशावर नांदते? सकाळी तुम्ही मला चार माणसांत मयताची म्हणालात. आता नोरमत-अकांना विषारी म्हणालात. उद्या कुणाला म्हणाल? ज्याला बोलता येत नाही त्याला! मला तुमचं घर नको, तुमचं नान नको. मला फक्त हे सांगा की तुम्हाला कधी कळलं. माझ्याबरोबर त्या मचाणापाशी उभ्या होतात तेव्हाच ना?"

नोरमत गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा. तुर्सुनोय भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून, डोळे ताटाएवढे. या बाईनं पंचवीस वर्षं होसियतच्या एका चुकीची वाट बघितली होती. आता तिला ती फुकट मिळणार होती, आणि गल्लीतल्या प्रत्येक चुलीवर ती शिजणार होती. होसियतनं तिच्याकडे बघितलं आणि तिच्या पोटातून असा संताप उसळला की त्या संतापानंच तिचा हात खिशात गेला. चांगुलपणानं गेला असता तर कधीच गेला नसता.

तिनं नोसची डबी काढली आणि नोरमतच्या पायांवर फेकली. बूच उडालं. हिरवी भुकटी त्याच्या बुटांवर सांडली.

"घे! तुझ्या कामाची!"

नोरमत आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"काय बघताय? माझी आहे! म्हाताऱ्याची होती, आता माझी! दाढ दुखते माझी, पाच दिवस दुखते, आणि मी नोस लावते. या बोटांनी! आणि याच बोटांनी त्या किड्यांना वाढलं! ऐकलंस तुर्सुनोय? नीट ऐक, म्हणजे सांगताना चुकायची नाहीस! पोरीचे केस नाही, नोरमत नाही. मी! होसियत!"

"ओपा..." तुर्सुनोयच्या ओठांचे कोपरे थरथरायला लागले. "तुम्ही? नोस? तुम्ही तर आमच्या सालोमतचं लग्न..."

"मोडलं! आणि बरं केलं, तो पोरगा तसाही नालायक होता! हस तू! पोटभर हस, पण त्या पेटीवरून पड आणि मग हस!"

तुर्सुनोय हसली. भिंतीआड बसून तोंडावर पदर धरून हसली, आणि तो आवाज कुणाला ऐकू आला नाही असं कुणी म्हणू शकलं नसतं.

होसियत ओसरीच्या पायरीशी आली. वर चढली नाही. "झालं? बोलले मी. सोड आता ती गाठ."

"सकाळी जे म्हणालात ते अजून इथेच पडलंय," मुअत्तर म्हणाली.

"कुठे?"

"इथे. अंगणात. नान कपाळाला लावून म्हणालात."

होसियतनं दात चावले आणि दाढेनं तिला लगेच त्याची शिक्षा दिली. शब्द मागे घ्यायचे कसे हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिनं स्वतःहून शिकायचं काही कारण नव्हतं. "तुझ्या केसांनी काही झालं नाही," ती म्हणाली.

"अजून."

"अजून काय? कोकंदला जायचं नाही. दुसरी कुणी आणायची नाही. मी रागात म्हटलं. तुझ्या त्या पाठीवरच्या काळजाचंही खरं असेल. असेल म्हणते, आहे म्हणत नाही! आणखी काय पाहिजे तुला, माझं डोकं कापून देऊ ट्रेमध्ये?"

"डोकं नको. खोली पाहिजे."

"कसली खोली?"

"किड्यांची. कोष बांधेपर्यंत ती माझी. खिडकीचं मचाण माझं. तुम्ही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. नोस आणि दाढ, दोन्ही जाईपर्यंत उंबऱ्याबाहेरून काय ओरडायचं ते ओरडा."

नोरमतनं जमिनीकडे बघितलं. भिंतीपलीकडचं हसणं थांबलं. होसियतच्या सासूनं मरेपर्यंत ती खोली सोडली नव्हती. होसियतनं ती सासूच्या मयताच्या दिवशी, पाहुणे जेवत असताना, ताब्यात घेतली होती. एर्गाश लहान असताना तापानं फणफणला होता तेव्हासुद्धा तिनं त्याला ओसरीत ठेवून किड्यांना पाला घातला होता.

"माझी खोली," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता.

रजईच्या गाठीवर मुअत्तरचा हात तसाच होता.

सावलीतल्या ट्रेमधून आवाज यायला लागला होता. बारीक होता, पण होता. होसियतनं तो ऐकला. तिच्या हातानं बंद केलेला, दुसरीच्या हातानं सुरू झालेला.

"शेंड्याचीच पानं घाल," ती शेवटी म्हणाली. "खालची घातलीस तर तुझ्या कॉलेजासकट हाकलीन. आणि काळे पडलेले वेच आधी, ते ठेवू नकोस दयामाया करून. आणि रात्री खिडकी उघडी टाकू नकोस."

मुअत्तरनं गाठ सोडली. कुर्ते, मोजे आणि वाडगा तिनं परत गाद्यांमागे ठेवले नाहीत. ते सगळं उचलून ती थेट किड्यांच्या खोलीत गेली आणि खिडकीजवळच्या खुंटीला लटकवलं. मग बाहेर येऊन एकेक ट्रे आत नेला, आणि शेवटचा नेल्यावर आतून कडी घातली.

कडीचा आवाज ऐकून होसियत गर्रकन वळली. "नोरमत!"

"काय, ओपा?"

"काय ओपा! उभा काय आहेस ठोंब्यासारखा? गाडी काढ. तालुक्याला जायचं. दाढ काढणाऱ्याकडे."

"मला अजून चार घरं..."

"चार घरांचं मी सांगते तुझ्या साहेबाला! काढ!"

ती गाडीवर एका बाजूला बसली, ओढणी दातांखाली धरून, कण्यात काठी घातल्यासारखी ताठ. गल्लीच्या तोंडाशी बायका आधीच जमल्या होत्या, तुर्सुनोयची जीभ मोटरसायकलपेक्षा वेगवान होती. होसियतनं त्यांच्याकडे बघून मानही हलवली नाही. तुतीच्या रस्त्याला लागल्यावर नोरमतनं सवयीनं मान बाजूला वळवली आणि ओठ पुढे काढले.

"थुंकलास तर उतरून मारीन," मागून आवाज आला.

नोरमत तोंड मिटून गाडी चालवत राहिला. तालुका अजून बारा मैल होता, आणि तोंडातल्या चिमटीचं काय करावं हे त्याला काही केल्या कळत नव्हतं.